नफा-तोटा मोजायचा कुठून?

गुंतवणूक सल्लागाराकडे गेलेल्या माणसाला आधी एक प्रश्नावली भरावी लागते. वय किती, मिळकत किती, घरात अवलंबून किती जण, आणि मग मुख्य प्रश्न: तुमची गुंतवणूक वर्षभरात 20 टक्क्यांनी घसरली तर काय कराल? विकाल, थांबाल, की आणखी घ्याल? उत्तरांना गुण मिळतात, गुणांची बेरीज होते आणि माणूस 'सावध', 'मध्यम' किंवा 'आक्रमक' ठरतो. ग्राहकाची जोखीम घेण्याची तयारी तपासणे सेबीच्या 2013च्या नियमावलीने सल्लागारावर बंधनकारक केले आहे, आणि हा नियम चांगल्या हेतूने केलेला आहे. पण त्याच्या मुळाशी एक गृहीतक आहे. जोखमीची तयारी उंची-वजनासारखी माणसापाशी असते आणि ती मोजून नोंदवता येते, असे तो धरून चालतो. पुढचा संवाद या गृहीतकाविषयी आहे. त्यातला सल्लागार ते मांडतो आणि अभ्यासक ते तपासतो. माझे मत अभ्यासकाच्या बाजूचे आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. मात्र सल्लागाराचे आक्षेप मला खरोखर अडवणारे वाटतात, म्हणून ते कुठे सौम्य केलेले नाहीत.

सल्लागार : आमच्या प्रश्नावलीला नावे ठेवणे सोपे आहे, पण तिच्यामागे वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. काही माणसे जन्मभर मुदत ठेवीच्या पलीकडे जात नाहीत. काहींना पगार जमा झाला की त्याच दिवशी ऑप्शन घ्यावासा वाटतो. एकाच घरात वाढलेले दोन भाऊ असे वागताना दिसतात. हा पिंड आहे. शिक्षणाने त्याला थोडी दिशा मिळते, मिळकतीने मर्यादा पडते, पण मूळ वृत्ती बदलत नाही. ती ओळखून तिला साजेशी योजना सुचवणे हे आमचे काम. स्वभावाविरुद्ध गुंतवणूक केली की माणूस पहिल्याच पडझडीत घाबरून विकतो आणि नुकसान पक्के करून बसतो. मग स्वभाव मोजायचा नाही तर मोजायचे काय?

अभ्यासक : माणसामाणसांत फरक असतो, हे मला मान्य आहे. पण एकच माणूस एकाच खेळात तासाभरात बदलताना दिसला, तर तुमची प्रश्नावली त्याला कुठल्या रकान्यात बसवणार? 'डील ऑर नो डील' हा नेदरलँड्समध्ये गाजलेला टीव्हीवरचा खेळ. बंद पेट्यांमध्ये वेगवेगळ्या रकमा असतात, पेट्या एकेक करून उघडतात, आणि मध्येच बँकवाला निश्चित रक्कम देऊ करून खेळ थांबवायची संधी देतो. रिचर्ड थेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेदरलँड्स, जर्मनी आणि अमेरिकेतल्या या खेळांचा अभ्यास 2008 साली प्रसिद्ध केला. त्यातल्या एका डच स्पर्धकाकडे 5 पेट्या उरल्या होत्या. चारांमधल्या रकमा 10 हजार युरो किंवा त्याहून कमी, पण पाचवीत 5 लाख युरो. बँकवाल्याने 75 हजार देऊ केले. त्याने नाकारले, आणि पुढची पेटी नेमकी 5 लाखांची निघाली. त्यानंतर हा माणूस बँकवाल्याचे काहीच ऐकेना. शेवटी दोन पेट्या उरल्या, एकीत 10 युरो आणि दुसरीत 10 हजार. बँकवाला 6 हजार देत होता, म्हणजे दोन्हींच्या सरासरीपेक्षा जास्त. तेही त्याने नाकारले आणि 10 युरो घेऊन तो बाहेर पडला. खेळाच्या दारात त्यालाच कोणी 6 हजार निश्चित आणि 10 हजारांची निम्मी शक्यता यांत निवड करायला सांगितली असती, तर त्याने काय घेतले असते असे तुम्हाला वाटते? तो आपले 6 हजार शून्यापासून मोजत नव्हता, थोड्या वेळापूर्वीच्या 75 हजारांपासून मोजत होता. त्या हिशेबात 6 हजार हा तोटाच होता, आणि तोटा भरून काढायची एकच वाट समोर होती. याला तुम्ही पिंड म्हणाल का?

सल्लागार : तो फुकटच्या पैशाचा खेळ, समोर कॅमेरे आणि टाळ्या. घाम गाळून मिळवलेले पैसे माणूस असे उधळत नाही.

अभ्यासक : मग घाम गाळून मिळवलेल्या पैशाकडेच बघू. सेबीने सप्टेंबर 2024मध्ये फ्युचर्स-ऑप्शन्सच्या व्यवहारांचा आढावा जाहीर केला. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत अशा व्यवहारांत उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांची संख्या एक कोटीहून जास्त होती. त्यांपैकी 93 टक्के लोकांना तोटा झाला, खर्च धरून माणशी सरासरी सुमारे 2 लाख रुपये आणि एकूण 1.8 लाख कोटींहून अधिक. हे सगळे श्रीमंत हौशी लोक नव्हेत. 2023-24मध्ये यातल्या तीन-चतुर्थांशाहून अधिक लोकांनी आपले वार्षिक उत्पन्न 5 लाखांच्या आत दाखवले होते. आणि मला सगळ्यांत बोलका वाटतो तो आकडा वेगळाच आहे: लागोपाठच्या वर्षांत तोटा होऊनही तोट्यातल्या 75 टक्क्यांहून अधिक लोकांनी व्यवहार चालूच ठेवले. याचा उलगडा केवळ आक्रमक स्वभावाने होत नाही. कोट्यवधी माणसांचा स्वभाव चार-पाच वर्षांत बदलत नाही. मार्च 2020मध्ये देशात डीमॅट खाती चार कोटींच्या आसपास होती, मार्च 2024पर्यंत ती पंधरा कोटींच्या पुढे गेली. 23 मार्च 2020 रोजी सेन्सेक्स एका दिवसात 13 टक्क्यांनी कोसळला आणि त्यानंतर जो सावरला तो चढतच गेला. ज्यांनी त्या चढणीवर खाते उघडले त्यांनी बाजार पडतो आणि लगेच उठतो एवढेच पाहिले. एप्रिल 1992मध्ये सेन्सेक्स साडेचार हजारांच्या घरात होता आणि अकरा वर्षांनी, 2003च्या एप्रिलमध्ये, तो तीन हजारांच्या आसपास होता. ज्याने हा काळ पाहिला त्याच्या आणि ज्याने 2020 नंतरचाच काळ पाहिला त्याच्या 'जोखीम' या शब्दाला अर्थ एकच असेल का? उल्रिके मालमेंडियर आणि श्टेफान नागेल यांनी अमेरिकेतल्या 1960 ते 2007 या काळातल्या कौटुंबिक पाहण्या अभ्यासून हेच दाखवले. ज्यांच्या आयुष्यात शेअर बाजाराने वाईट परतावा दिला, ते पुढे शेअर घ्यायला कमी तयार होतात, आणि घेतले तरी त्यात कमी पैसा घालतात. त्यातही अलीकडच्या अनुभवाचे वजन जास्त असते.

इथे लेखक म्हणून एक गोष्ट जोडावीशी वाटते. 1979मध्ये डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी मांडले की माणूस आपली एकूण संपत्ती बघून निर्णय घेत नाही. तो एका संदर्भबिंदूपासून वर गेलो की खाली आलो एवढे बघतो, आणि खाली येणे त्याला वर जाण्यापेक्षा फार जास्त बोचते. पण हा संदर्भबिंदू कुठला, हे त्यांनी बरेचसे मोकळे ठेवले. बोतोंद कोसेगी आणि मॅथ्यू राबिन यांनी 2006 आणि 2007च्या लेखांत त्याचे उत्तर दिले: आपल्याला काय मिळणार अशी जी अपेक्षा माणसाने नुकतीच बाळगलेली असते, तोच त्याचा संदर्भबिंदू. माझ्या मते आपल्या गुंतवणुकीच्या चर्चेत हीच गोष्ट सतत निसटते. परताव्याची चर्चा होते, जोखमीची होते, पण अपेक्षा कोणी आणि कशी तयार केली याची होत नाही. युनिट ट्रस्टच्या यूएस-64चा इतिहास त्यासाठीच पुन्हा वाचायला हवा.

अभ्यासक : यूएस-64 ही योजना 1964मध्ये सुरू झाली. ट्रस्ट संसदेच्या कायद्याने स्थापन झालेला, त्यामुळे लोकांच्या लेखी तो सरकारचाच. युनिट विकत घेण्याचा आणि परत करण्याचा भाव ट्रस्ट स्वतः ठरवी. जुलैत तो खाली असे आणि महिन्यामहिन्याला थोडाथोडा चढत जाई. लाभांश दर वर्षी मिळे, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्याला तो 26 टक्क्यांपर्यंत गेला. निवृत्तीचे पैसे, मुलीच्या लग्नाची पुंजी, विधवेचा आधार असे सगळे दोन कोटींच्या आसपास युनिटधारकांकडून तिथे आले. आता त्याच काळात ट्रस्टच्या पोटात काय चालले होते ते बघा. निम्म्याहून अधिक पैसा समभागांत गेलेला होता, म्हणजे योजना कधीच शेअर बाजाराशी बांधली गेली होती. 1998मध्ये तिची राखीव गंगाजळी उणे झाल्याचे उघड झाले. दीपक पारेख समितीने युनिटचा भाव निव्वळ मालमत्ता मूल्याशी जोडावा असे सुचवले, सरकारने सार्वजनिक उपक्रमांचे शेअर मागे घेऊन मदत दिली, आणि भाव पूर्वीसारखाच कागदावर ठरत राहिला. 2 जुलै 2001 रोजी ट्रस्टने सहा महिन्यांसाठी खरेदी-विक्री बंद केली आणि लाभांश 13.75वरून 10 टक्क्यांवर आणला. डिसेंबरअखेर खरे मूल्य काढले तेव्हा 10 रुपयांच्या युनिटमागे ते 6 रुपयांच्याही आत होते. या लोकांना प्रश्नावली दिली असती तर त्यांनी एकमुखाने 'सावध' हेच उत्तर दिले असते, आणि ते खोटे बोलत नव्हते. त्यांची वृत्ती सावध होती, पैसा मात्र धोक्यात होता. या दोन्हींच्या मध्ये तीन दशके जोपासलेली अपेक्षा उभी होती.

सल्लागार : ही माहितीची फसवणूक झाली, मनाची नव्हे. खरा भाव रोज छापून आला असता तर लोक वेळीच बाहेर पडले असते. आज प्रत्येक फंडाचा भाव रोज जाहीर होतो, जोखमीची पातळी दाखवणारा मापक प्रत्येक योजनेवर असतो, जाहिरातीत इशारा वाचून दाखवतात. रोग बरा झालेला आहे.

अभ्यासक : भाव जाहीर झाला हे फार चांगले झाले, त्याचे श्रेय कमी करायचे नाही. पण माहिती समोर असूनही अपेक्षाच जिंकते, याचे उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. 2019च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मुख्यालय असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी (पीएमसी) बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि सुरुवातीला खातेदाराला फक्त 1,000 रुपये काढू दिले. नऊ लाखांहून अधिक ठेवीदार होते. ठेवींना त्या वेळी 1 लाखापर्यंतच विमा होता, आणि ती मर्यादा 1993पासून तशीच होती. हे गुपित नव्हते. ठेव विम्याची व्यवस्था भारतात 1962मध्ये आली तीच 1960मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाल्यानंतर, म्हणजे बँक बुडू शकते ही गोष्ट महाराष्ट्राला साठ वर्षे ठाऊक होती. तरीही आयुष्यभराची पुंजी एकाच बँकेत ठेवणारा माणूस स्वतःला जोखीम न घेणारा समजत होता, आणि तुमची प्रश्नावलीही त्याला तसेच समजली असती. बँकेतली ठेव म्हणजे शंभर टक्के परत, ही अपेक्षा इतकी पक्की असते की तिच्या खाली असलेली शक्यता हिशेबात येतच नाही. शुद्ध मुदत विम्याबाबत याच्या उलट घडते. 'पैसे परत मिळत नाहीत' म्हणून लोक तो टाळतात आणि परतावा देणारी पॉलिसी घेतात, मग तिच्यात विम्याचे संरक्षण तुटपुंजे का असेना. पैसे परत यायला हवेत ही अपेक्षा एकदा धरली, की काही अघटित न घडता संपलेले विम्याचे वर्षही तोट्यासारखे वाटू लागते.

सल्लागार : आता माझा मुख्य आक्षेप ऐका. माणसाने जोखीम घेतली तर अपेक्षेमुळे घेतली, टाळली तरी अपेक्षेमुळे टाळली. जे सिद्धान्त सगळेच समजावून सांगतात ते काहीच सिद्ध करत नाहीत. आणि तुमच्याच गोटात मतभेद आहेत. न्यूयॉर्कचे टॅक्सीवाले दिवसाच्या कमाईचे लक्ष्य ठेवतात आणि ते गाठले की घरी जातात, असे 1997मध्ये कॉलिन कॅमरर आणि सहकाऱ्यांनी सांगितले. पुढे हेन्री फार्बर यांनी कितीतरी मोठी आकडेवारी घेऊन 2015मध्ये दाखवले की कमाईचे दर चांगले असतात तेव्हा चालक जास्त वेळ काम करतात. मग लक्ष्य आणि अपेक्षा गेली कुठे?

अभ्यासक : आक्षेप योग्य आहे, आणि त्याला उत्तर द्यायचे तर सिद्धान्ताने आधीच काहीतरी सांगायला हवे, जे चूक ठरू शकेल. कोसेगी आणि राबिन यांच्या मांडणीतून असे एक भाकीत निघते. जी गोष्ट आधीपासून अपेक्षित आहे तिचा धक्का बसत नाही. अनपेक्षित तेवढेच बोचते किंवा सुखावते. गर्दीच्या वेळी कमाई जास्त असणार, हे मुरलेल्या चालकाला ठाऊकच असते. म्हणून त्या कमाईने त्याने लवकर घरी जावे असे हा सिद्धान्त म्हणत नाही, आणि फार्बर यांचे निष्कर्ष त्याच्याशी बरेच जुळवून घेता येतात. पूर्ण जुळतात असा माझा दावा नाही. पण जोखमीच्या बाबतीत चाचणी आणखी थेट झालेली आहे. चार्ल्स स्प्रेंगर यांनी 2015मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही निवडींमध्ये माणसापुढे निश्चित रक्कम आधी ठेवली आणि तिच्या बदल्यात सोडत घ्याल का असे विचारले. इतर निवडींमध्ये सोडत आधी ठेवली आणि तिच्या बदल्यात किती निश्चित रक्कम घ्याल असे विचारले. रकमा आणि शक्यता त्याच पद्धतीच्या. तुमचे गृहीतक खरे असेल तर दोन्हीकडे जोखमीची तयारी सारखी दिसायला हवी. तशी ती दिसली नाही. निश्चित रकमेपासून सुरुवात केली की लोक जोखमीला ठळकपणे बिचकले, आणि सोडतीपासून सुरुवात केली की त्यांचे बिचकणे जवळजवळ नाहीसे झाले. एखाद्या सिद्धान्ताने आधी सांगावे आणि प्रयोगाने ते खोडता आले असते तरी खोडू नये, यापेक्षा जास्त मी काय दाखवू?

सल्लागार : प्रयोगशाळेत ठीक आहे. माझ्या टेबलावर याचा उपयोग काय? मी ग्राहकाला सांगितले की पंधरा टक्क्यांची आशा धरू नका, काही वर्षे शून्य किंवा उणेही जातील, तर तो उठून दुसऱ्याकडे जातो. तो दुसरा मोबाइलवर गणकयंत्र उघडून वीस वर्षांनी किती कोटी होतील ते दाखवतो. प्रामाणिकपणाची शिक्षा मला मिळते, आणि ग्राहक शेवटी मुदत ठेवीत पडून महागाईत झिजतो. अपेक्षा खाली आणली तर लोक बाजारात येणारच नाहीत.

अभ्यासक : पहिल्या अडचणीचे उत्तर माझ्याकडे अर्धवटच आहे, त्याकडे येतो. पण दुसऱ्या भीतीला तोच प्रयोग उत्तर देतो, आणि मला त्यातला सगळ्यांत महत्त्वाचा भाग हाच वाटतो. ज्यांच्या मनात आधीपासून अनिश्चित रक्कम होती त्यांनी जोखीम सहज पेलली. म्हणजे चढउतार सांगितल्याने माणूस पळत नाही. सरळ रेषेची आशा दाखवून नंतर चढउतार अनुभवायला लावला, की पळतो. दरमहा एसआयपी करणाऱ्याला तुम्ही बारा टक्क्यांची एकच चढती रेषा दाखवली, तर तिच्या खालचे प्रत्येक वर्ष त्याला तोट्याचे वाटणार, मग त्या वर्षी चार टक्के मिळाले असले तरी. त्याऐवजी 1992 ते 2003 हा काळही त्याला पहिल्याच भेटीत दाखवला, वाईट पाच वर्षांत काय होते आणि चांगल्या पाच वर्षांत काय होते ते दोन्ही दाखवले, तर तो घसरणीच्या वर्षी फोन करून विकायला सांगण्याची शक्यता कमी होते. तुमच्या प्रश्नावलीत म्हणूनच पहिला प्रश्न बदलावा असे मला वाटते. 20 टक्के घसरले तर काय कराल, हे नंतर. आधी हे विचारा: तीन वर्षांनी तुमचे किती झालेले असतील असे तुम्ही धरून चालला आहात, आणि हा आकडा तुम्हाला कोणाकडून मिळाला? उत्तर फुगलेले असेल, तर पुढच्या सगळ्या उत्तरांवर त्याची छाया पडणार आहे.

सल्लागार : आणि तो दुसरा, गणकयंत्र दाखवणारा?

अभ्यासक : त्याच्यासाठी एकट्या सल्लागाराचा प्रामाणिकपणा पुरत नाही, नियम लागतो. हमीच्या परताव्याला म्युच्युअल फंडांत बंदी आहेच. समाजमाध्यमांवर शिक्षणाच्या नावाखाली ताज्या भावांच्या आधारे शेअर सुचवण्याला सेबीने जानेवारी 2025मध्ये आळा घातला, आणि शिकवताना तीन महिन्यांहून जुन्याच किमती वापरा असे सांगितले. ही पावले मला पटतात. कारण त्यांचा रोख माणसाच्या मनात आकडा रुजतो त्या जागेवर आहे. योजनेच्या शेवटच्या पानावरचा इशारा वाचेपर्यंत तो आकडा रुजून गेलेला असतो.

सल्लागार : मग जबाबदारीचा हिशेब पूर्ण करा. 2001 नंतर सरकारने यूएस-64च्या लहान युनिटधारकांना 5,000 युनिटपर्यंत मे 2003मध्ये 12 रुपये भाव दिला, आणि बाकीच्यांना किमान दर्शनी किंमत. 6 रुपयांची वस्तू करदात्याच्या पैशाने 12ला घेतली. लोकांची अपेक्षा खरी करून दाखवली! याने पुढच्या पिढीला काय शिकवले? सरकार आहे, बुडू देणार नाही, हेच ना? अपेक्षा घडवणाऱ्याने भरपाई द्यावी असे म्हणालात, तर प्रत्येक भरपाई पुढच्या आंधळ्या जोखमीचे बी पेरते.

अभ्यासक : हा धोका खरा आहे, आणि भरपाईची ही किंमत मी नाकारत नाही. पण दोन प्रसंग शेजारी ठेवा. यूएस-64मध्ये सरकारने आपले नाव, आपला कायदा आणि आपण नेमलेला अध्यक्ष वापरून ती अपेक्षा तयार केली होती. दुसरीकडे पीएमसीच्या ठेवीदाराला विमा मर्यादेपर्यंतचे पैसे मिळाले, ती मर्यादा फेब्रुवारी 2020मध्ये 5 लाख झाल्यामुळे. मोठ्या ठेवी मात्र 2022मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेतल्या विलीनीकरणानंतर दहा वर्षांपर्यंतच्या हप्त्यांत विखुरल्या. पीएमसीच्या दारावरही रिझर्व्ह बँकेच्या परवान्याची पाटी होती, आणि ठेवीदाराने विश्वास टाकला तो त्या पाटीवर. पहिल्याला भावापेक्षा जास्त मिळाले, दुसऱ्याला थांबायला सांगितले. अपेक्षा दोघांचीही कोणीतरी घडवलेली होती. तुम्ही मला नियम विचारत असाल तर मी एवढेच म्हणेन: ज्याच्या नावावर लोक पैसे ठेवतात त्याने, त्या नावात किती रुपयांपर्यंतची हमी आहे, हे ठेव घेतानाच ठेवीच्या पावतीवर मोठ्या अक्षरांत छापावे.

सल्लागार : पावतीवर छापले तरी लोक वाचतील असे तुम्हाला वाटते?

अभ्यासक : सगळे वाचणार नाहीत. पण काउंटरवर बसलेल्या माणसाला ते छापलेले असताना 'पूर्ण सुरक्षित' असे तोंडी सांगणे अवघड जाईल. यूएस-64 काय आणि पीएमसी काय, लोकांच्या मनातली अपेक्षा तोंडी शब्दावरही पोसली गेली होती.